पाचवी ‘ब’चा समुद्र

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. ते पालकच घरपोच आणून देतात!

मुलुंडच्या आमच्या शाळेत पाचवीला दरवर्षी एक प्रोजेक्ट असतो. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, त्यात खेकडे असतात, शंख असतात, त्याचं मॉडेल. अट एकच, मुलांनी स्वतः करायचं. यंदा मी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं, "एक तरी मॉडेल मुलाच्या हातचं निघालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हे बंद. थकले मी!"

*

पहिल्याच दिवशी एका आईचा मेसेज. "टीचर, आम्ही खेकडा लाल करू की केशरी?"

मी लिहिलं, "मुलीला विचारा ना."

"ती कथकला गेलीय. तिला कशाला त्रास?"

*

आयुषचे पप्पा इंटिरियरवाले. मॉडेलमध्ये लाइट काय, मोटर काय, लाटासुद्धा! बघूनच माझं डोकं दुखायला लागलं. आयुषला बाजूला घेतलं. "खरं सांग, यात तू काय केलंस?"

"लिफ्टचं बटण दाबलं, टीचर. पप्पांचे हात भरलेले होते ना!"

*

सावंत आजोबा मूळ मालवणचे. नातवाचा मातीचा खेकडा त्यांना काही पसंत पडेना, म्हणून डब्यातून जिवंत कुर्लीच घेऊन आले. ती स्टाफरूममध्ये सुटली! पी.टी.चे सर खुर्चीवर, आम्ही बायका टेबलावर. शाळा सुटताना आजोबा दारात हजर.

"गावली काय वो बाई? घराकडे कालवणाचा वाटप तयार आसा!"

*

प्रदर्शनाला दुसऱ्या शाळेतले एक सर परीक्षक म्हणून आले. ते प्रश्न मुलांना विचारत, उत्तरं वडील देत. तिसऱ्या टेबलाशी सरांनी शांतपणे एका वडिलांनाच विचारलं, "आपण कितवीत?"

सगळे हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

*

शेवटच्या टेबलाशी श्रावणी एकटीच उभी होती. तिची आई नर्स, ड्यूटीवर. घरातली परात, चार दगड, मातीचा वाकडातिकडा खेकडा आणि पाणी. इतक्या वर्षांत मी अशी काही पोळले होते, की हेही कुणीतरी मुद्दाम वाकडं करून दिलं असेल, असंच मला वाटलं.

सरांनाही तोच संशय. "कोणी केलं गं?"

"मीच."

"आणि पाणी? नळाचं?"

"नळाचंच. पण मीठ घालून समुद्राचं केलंय."

सरांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं, केवढं खारट!"

श्रावणीचा चेहरा पडला.

"पहिल्यांदाच केलंय ना, सर."