अठरा लग्नं आणि एक पेनड्राइव्ह

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'तिजोरी' म्हणायची आणि गडी खूश व्हायचा. गिऱ्हाईक आपली कॉपी घेऊन गेलं तरी हा मूळ शूटिंग कधी पुसायचा नाही. बायको चिडवायची, "अहो, नवरा-बायकोही विसरले असतील, तुम्ही काय कवटाळून बसलाय!"

आकडे त्याला तोंडपाठ. फोटो म्हणजे चार-पाच एमबी, अगदी चिल्लर. अख्खं लग्न म्हणजे जवळजवळ शंभर जीबी. एका टीबीत नऊ-दहा लग्नं, बस्स.

एवढं कळणाऱ्या माणसाने शेवटी शेण खाल्लंच. डिस्क तुडुंब भरली, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीवरून दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेतला, दुकानातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. अठरा लग्नं त्यात टाकली. नावं दिसली, साईज दिसली, पहिलं लग्न सुरू करून पाहिलं, झकास! मग डिस्क पुसली आणि तिच्यावर नवी शूटिंगं चढवली.

पुढे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स आली. तिचे वडील नुकतेच गेले होते. तिच्या लग्नात ते दोन मिनिटं बोलले होते, तेवढंच तिला हवं होतं; तिच्या कॉपीत ते कापलं गेलं होतं. ती गेल्यावर याने फाईल उघडली. साईज शहाण्णव जीबी, पण चालेचना. कंप्युटर दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्ह तपासला आणि कपाळावर हात मारला. "काका, हा चौसष्ट जीबीचा आहे हो! दोन टीबी नुसतं दाखवायला. जागा संपल्यावर नावं तेवढी लिहिली, आत काही नाही."

अठरापैकी अर्धं लग्न उरलं होतं. नर्सचं नव्हतं.

तेव्हापासून आठ दिवस हा आपल्याच दुकानात कोंडलेला. शटर अर्धं खाली. पांढरा गणवेश दिसला की टेबलाआड वाकायचा. कोपऱ्यावर चहा प्यायला जायची चोरी, कारण दवाखाना तिथेच. तिला फोनवर रोज एकच थाप, "कॉपी चालू आहे, उद्या ये."

नवव्या दिवशी ती वाकून शटरखालून आत आली आणि नवी कोरी डिस्क टेबलावर ठेवली.

"घाई नाही, दादा. बाबांचं बोलणं मोबाईलमध्येही होतं माझ्या. जागा पुरेना, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पुसून टाक, माझ्याकडे आहे. म्हणून बिनधास्त पुसलं."

काहीतरी करायचं म्हणून त्याने डिस्क लावली. ती वाकून पडद्याकडे बघू लागली.

"अगंबाई! नऊशे एकतीसच जीबी? मी एक टीबीची घेतली, बिलासकट. फसवलं की काय मला?"

"नाही गं. कंपनी हजाराने मोजते, कंप्युटर एक हजार चोवीसने. म्हणून आकडा कमी दिसतो. डिस्क खरी आहे तुझी." तो तिच्याकडे वळला. "दुकानदाराने नाही फसवलं तुला."

मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि तिला बसायला सांगितलं.