बॅटरी एकदम खाली

चहा घेताय ना? मग आधी घोट गिळा, कप खाली ठेवा आणि मगच ऐका. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता. आणि हो, हा 'खाली' शब्द तेवढा ध्यानात ठेवा. एवढ्याशा शब्दानं लोहगडवाडीत माझी जी काही शोभा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वरातीतही झाली नव्हती.

तर झालं काय, मी एटीव्ही घेतली. एटीव्ही म्हणजे ती फुगीर चार टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची गाडी असते ना? चिखल, दगड, ओढा, कशातनंही जाते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी गडाखाली येतात, त्यांना फेऱ्या मारून आणायच्या असा बेत. गावानं लगेच बारसं केलं. आमचे आबा, वय ऐंशीच्या आसपास, दिवसभर हिराबाई मावशीच्या टपरीसमोरच्या दगडावर बसून अख्ख्या वाडीवर टीका करतात, ते म्हणाले, "दत्तू, बेडूक झ्याक हाय तुजा."

गाडी द्यायला आलेला माणूस भला होता. सगळं दाखवायला लागला. इथं फ्यूज, इथं ऑइल, इथं बॅटरी. मी ऐकतोय कशाला? मी म्हटलं, "ओ, बारा वर्षं ट्रॅक्टर चालवलाय मी. डोळे मिटून खोलीन गाडी." आणि गेलो पेढे वाटायला. एकटी हिराबाई मावशीची थोरली सून, सुरेखा, त्या माणसाच्या मागे मागे फिरत प्रश्न विचारत होती. मी तिला म्हटलं, "सुरेखा, तू भाकरीकडे बघ. मशीनचं माझ्यावर सोड."

मग मी गाडीची पूजा केली. पुढच्या झाकणावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हार घातला, शेजारी 'आईची कृपा' असा हातभर स्टिकर चिकटवला. एवढ्यावर माझं समाधान कुठलं व्हायला? गाडीभोवती लुकलुकत्या दिव्यांची माळ लावली, तिची वायर जोडली गाडीच्याच मागच्या दिव्याला, आणि ठेवली रात्रंदिवस लावून. शोभेला!

आता हिराबाई मावशीबद्दल सांगतो, कारण खरा जीव तिचाच टांगणीला लागला होता. पायथ्याला तिची टपरी. लिंबूसरबत, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा. वीस वर्षं एकेक पाहुणा पकडून भजी विकणाऱ्या मावशीला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातली चाळीस माणसं गावामागच्या पठारावर तंबू ठोकून राहिली होती. त्यांना शनिवारी दुपारी बरोबर एक वाजता गरमागरम पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात हवा होता. जेवण वेळेवर आलं आणि आवडलं, तर त्यांच्या प्रत्येक सहलीचं जेवण मावशीकडे. नाही आवडलं, तर लोणावळ्याचा हॉटेलवाला टपून बसलेलाच होता.

पठार चालत पाऊण तास. मावशी म्हणाली, "आमी डोक्यावर नेतो की."

मी छाती पुढे काढली. "डोक्यावर? या जमान्यात? मावशी, माझी गाडी पंधरा मिनिटांत पोचवते. पिठल्याची वाफसुद्धा मोडणार नाही."

"बंद पडली म्हंजी?"

"माझ्या हाताखालची गाडी बंद पडते होय?"

शनिवार उजाडला. पहाटे चारपासून मावशी आणि दोन्ही सुना चुलीपुढे. साडेअकराला भाकऱ्यांच्या दोन पाट्या, भाताचा डबा आणि पिठल्याचं ते अवाढव्य पातेलं तयार. मी गॉगल लावून गाडीवर बसलो. बटन दाबलं.

टक.

पुन्हा दाबलं. टक-टक-टक. पालीसारखं.

"बेडकाला पाल झाली," आबा म्हणाले.

मी लगेच लोणावळ्याच्या सलीम मेस्त्रींना फोन लावला. मेस्त्री म्हणजे देवमाणूस, पण आयुष्य गेलं हिंदी बोलणाऱ्या ड्रायव्हर लोकांत. आणि आमच्याकडचं नेटवर्क तुम्हाला माहीत आहे. एका पायावर उभं राहिलं, तर एक काडी येते.

"मेस्त्री, बटन दाबतोय, नुसतं टक-टक करतंय!"

"टक-टक? मग बॅटरी खाली, दत्ताभाऊ."

"खाली? कुठं खाली?"

"अरे पूरी खाली! एकदम खाली!" आणि फोन कट.

आता मला सांगा, आपण रिक्षावाल्याला 'खाली है क्या' असं विचारतो, तेव्हा रिक्षाच्या खाली वाकून बघतो का? नाही ना? पण त्या दिवशी माझ्या मराठी डोक्यात खालीचा अर्थ एकच. तळाला! एकदम तळाला!

मी जाहीर केलं, "बॅटरीचा प्रॉब्लेम आहे. ती गाडीच्या तळाला असते." आणि शिरलो ना गाडीखाली! तळाला जाड पत्रा, आठ नट. चार नट सुटले, चार माझ्या पान्याला हसत बसले. फटीतनं बघतो तर चिखल आणि इंजिनाचं पोट. बॅटरी कुठं दिसेना.

"मामा," सुरेखा वरून म्हणाली, "मला वाटतं ते पुढचं झाकण..."

"सुरेखा, ठेचा झाकलास का?"

गेली बिचारी ठेचा झाकायला.

पुन्हा एका पायावर उभा राहिलो. "मेस्त्री, खाली बघितलं! दिसत नाही!"

"दिसत नसते भाऊ, समजून घ्यायची असते. दिवा लावून बघा, लगेच कळेल." पुन्हा कट.

त्यांचं म्हणणं, गाडीचा दिवा लावून बघा. मंद लागला, की बॅटरी संपली समजायचं. मी काय समजलो ते तुम्ही ओळखलंच असेल. मी ओरडलो, "मावशी, घरातली बॅटरी आणा!"

"भर दुपारी बॅटरी? कशाला रं?"

"बॅटरी शोधायला!"

मावशीनं आबांकडे बघितलं. "आबा, ह्यो काय बोलतुया?"

"बॅटरी शोधाया बॅटरी मागतुया," आबा शांतपणे म्हणाले. "दुसरी घावली की पयली परत द्याची."

टॉर्च आली. मी पुन्हा खाली. तोंडावर ऑइलचा ओघळ, केसांत शेण, आणि बॅटरीचा पत्ता नाही. वर मावशीची चुळबूळ ऐकू येत होती. बारा वाजत आले होते. "दत्तू, भाकरी निवाय लागली रं," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

तिसरा फोन. मेस्त्री म्हणाले, "मी निघालोच आहे. तोपर्यंत आडवं-तिडवं काही करू नका." पण मला ऐकू काय आलं? "...आडवं..." आणि खरखर.

आडवं! एवढं सोपं होतं की! गाडी आडवी केली, की तळ समोर!

"या रे सगळे," मी म्हटलं, "गाडी आडवी करायची!" दोन सरबतवाले, मावशीच्या दोन्ही सुना आणि मी. व्यालेल्या म्हशीला कुशीवर वळवावं तशी आम्ही ती गाडी वळवली. झाली आडवी. टाकीतनं पेट्रोल ठिबकायला लागलं, आतून कुठूनतरी गुळगुळ आवाज आला. आणि बॅटरी? अहो नाहीच ना!

तेवढ्यात स्कूटरवरून सलीम मेस्त्री आले. हेल्मेट काढलं आणि अपघात बघावा तसे उभेच राहिले.

"हिला कुणी झोपवली?"

सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

मेस्त्रींनी आधी गाडी उभी करवली. मग पुढे गेले, माझा सुकलेला हार बाजूला केला, स्वस्तिकाच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा अंगठ्यानं दाबल्या आणि झाकण उचललं. पान्याची गरज नाही, स्क्रूड्रायव्हरची नाही. आत, देव्हाऱ्यात देव बसावा तशी, बॅटरी बसलेली!

"भाऊ, ही गाडी ओढ्यातनं जाणार, चिखलातनं जाणार. तिची बॅटरी कंपनी तळाला कशी ठेवेल? उंचावर ठेवतात, पाणी लागू नये म्हणून. आणि असा नुसता हात घातला की सापडावी, म्हणजे रानात बंद पडली तरी कुणालाही बघता येते." मग झाकण उलटसुलट करून म्हणाले, "इथं बॅटरीचं चित्र असतं ओ. कुठं गेलं?"

चित्र 'आईची कृपा'च्या खाली होतं. हे मात्र खरोखरच खाली.

"तेच तर म्हणत होते मी," सुरेखा हळूच म्हणाली.

"मग तुम्ही खाली खाली काय करत होता?" मी मेस्त्रींवर उखडलो.

"खाली म्हणजे रिकामी! काय लावून ठेवलं होतं हिला?"

मी त्या लुकलुकत्या माळेसमोर उभा राहिलो, पण माळ काही माझ्यामागे लपेना.

"बरं, आता चालू करा पटकन," मी म्हटलं.

"बॅटरी तर दोन वायरी जोडून पाच मिनिटांत चालू केली असती. पण तुम्ही झोपवलीत. इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये गेलं. सगळं साफ करायचं म्हणजे संध्याकाळ."

घड्याळात बारा वाजून दहा. मावशीनं पदर खोचला, सुनांना हाक मारली, "उचला गं पाट्या." स्वतः पातेल्याशी वाकली. ते दुखरे गुडघे, ते पातेलं. मी म्हटलं, "मावशी, सोडा. ते माझं."

"तुला न्हाई जमायचं."

"नाही जमलं तर पातेल्यातच बुडवा मला."

तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, वर पातेलं. पाऊण तास चढ! पिठलं गरम राहिलं का, असं कुणी विचारलं तर माझ्या टाळूला विचारा. वाटेत दोनदा मला माझे स्वर्गवासी आजोबा दिसले. दुसऱ्या वेळी तर तेही हसत होते.

एकला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पठारावर. पुढे भाकऱ्यांच्या पाट्या घेतलेल्या सुना, मध्ये भाताचा डबा घेतलेली मावशी, शेवटी तोंडावर ऑइल, केसांत शेण आणि डोक्यावर पातेलं घेतलेला मी. चाळीस मोबाइल वर झाले! "किती ऑथेंटिक!" कुणीतरी किंचाळलं. पिठल्याचा तळ दिसेपर्यंत जेवली मंडळी. त्यांची प्रमुख बाई मावशीचे हात धरून म्हणाली, "प्रत्येक सहलीचं जेवण तुमच्याकडेच. पण असंच यायला हवं. पातेलं त्या काकांच्याच डोक्यावरून!"

मावशी त्या दिवशी उतरताना पोरीसारखी चालत होती. गुडघे बिडघे सगळं विसरली.

आता गाडी ठणठणीत आहे. माळ काढली, स्टिकर मागे लावला. बॅटरी मी दहा सेकंदांत काढून दाखवतो, खरंच डोळे मिटून. पण मागच्या शनिवारचंच सांगतो. मी किल्ली फिरवत मावशीला म्हटलं, "आज पातेलं गाडीवर ठेवू. बॅटरी फुल्ल आहे."

गाडीवर आधीच पाट्या बांधलेल्या होत्या, भाताचा डबा होता, आणि हँडल धरून सुरेखा बसली होती. माझा गॉगल लावून. तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि बटन दाबलं. पहिल्या झटक्यात चालू!

मावशीनं चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, नीट दाबली आणि म्हणाली, "गाडीवर जागा कुटं हाय, दत्तू? तुजं डोकं हाय की खाली!"