छातीत पाणी

“छे वं बाई, आमच्या घरी टीबी-बिबी कोणालेच नाही,” आई सिस्टरला म्हणाली. सिस्टरने फॉर्मवर ‘नाही’पुढे खूण केली आणि औषध आणायला आत गेली.

माझ्या हाताला सुई लावून झाली होती. दीड वर्षापासून सकाळी बोटांचे सांधे इतके सुजत की माझी वेणी आई घालायची. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी हे शिरेतून द्यायचं औषध सुचवलं. देताना थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला तर लगेच सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. नंतरचा धोका वेगळा होता. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून सूज उतरते. पण शरीरात दबून राहिलेला टीबीही त्यामुळे उसळू शकतो. माझी रक्ततपासणी आणि एक्स-रे चांगले होते. तरी स्टिरॉइड चालू असताना तपासणी चुकू शकते, म्हणून घरात कोणाला झाला होता का ते आठवा, असं ते म्हणाले होते.

मी आठवून पाहिलं होतं. काकांना दोन वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं होतं, एवढंच. घरात सगळे तेच म्हणत. इंग्रजी शाळेमुळे मराठीतले आजार मला कधी नीट कळले नाहीत. छातीत पाणी म्हणजे सर्दीचाच मोठा प्रकार असेल, असं मला वाटायचं. काका सहा महिने सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेत आणि बाथरूममधून ओरडत, “आज बी संत्र्याचं सरबतच आलं गा!” आम्ही सगळे हसायचो.

आता फॉर्मसोबत मिळालेलं पत्रक मी वाचत होते. तपासणीत टीबी सापडला तर आधी त्याच्या गोळ्या घ्याव्या लागतील, असं त्यात होतं. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नये.

मी ती ओळ दोनदा वाचली.

“आई, काकांना टीबी होता?”

“हळू बोल.” तिने दाराकडे पाहिलं. “सिस्टर सावनेरची आहे, आत्ताच बोलली न. तिथंच तुया ताईची सोयरीक जमून राहिली. बोभाटा झाला म्हणजे?”

ताई म्हणजे काकांची मुलगी. आधीची दोन स्थळं मोडली होती.

“पण मला काही झालं तर?”

“तुये रिपोर्ट चांगले आले न? मंग? डॉक्टरले काय कमी समजते? काहून खोडा घालते?”

माझं काही बिघडेल असं तिला वाटतच नव्हतं. रिपोर्टवर तिचा खरोखर विश्वास होता. आणि मलाही विश्वास ठेवायचा होता. मी बोलले असते तर आजचं औषध राहिलं असतं, आणि पुढे किती दिवस, कोण जाणे. मला माझी वेणी स्वतः घालायची होती.

सिस्टर औषधाची पिशवी घेऊन आली. “माय-लेकी कानात काय बोलून राहिल्या? मलेबी सांगा न काकू!”

आई हसली. सिस्टरने पिशवी स्टँडला टांगली आणि नळी माझ्या हाताकडे आणली. आईचा हात माझ्या खांद्यावर होता, दाबून ठेवलेला.

“सिस्टर, औषध लावू नका,” मी म्हणाले. “माझ्या काकांना टीबी झाला होता. आम्ही एकाच घरात राहतो.”