वगळायच्या शब्दांची यादी

कीबोर्डला हात लावण्याआधी ते कानावरची पेन्सिल काढत, समोरचं वाक्य कागदावर उतरवत आणि एकेक शब्द खोडत जात. "हातानं केल्याशिवाय कळत नाही, मॅडम."

असा विद्यार्थी तुम्हीही पाहिला असेल. वर्ग त्याच्यापायी खोळंबतो, पण त्याच्यावर रागावता येत नाही. मला मात्र येत असे.

कॉम्प्युटरला मराठी मजकूर कसा समजावायचा, याचे प्राथमिक धडे मी कर्वेनगरच्या माझ्या क्लासमध्ये देते. वाक्याचे शब्द सुटे करायचे, बिनकामाचे वगळायचे, उरलेले मोजायचे. या गृहस्थांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला. एका कंपनीनं मजकूर तपासायची जागा कबूल केली. अट एकच, माझी परीक्षा पास व्हायची. पोरं त्यांना चाचा म्हणत.

"चाचा, एका क्लिकमध्ये होतं हे!"

"होऊ दे की. मी मागून चालत येतो."

एकदा त्यांनी कागद पुढे केला. "मॅडम, वगळायच्या यादीत 'नाही' आहे. 'पाणी आलं नाही' यातून ते काढलं, तर पाणी आलंच की!"

पोरं हसली. यादी मी कुठूनशी तयार उचलली होती, कधी वाचली नव्हती. "यादीप्रमाणे करा, चाचा. अर्धा धडा राहिलाय."

परीक्षेत नागरिकांच्या तक्रारी दिल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीतलं 'नाही' शाबूत ठेवलं. मी उत्तरसूचीशी ताडून गुण कापले. चार गुणांनी नापास.

"यादीत आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं. खोडवलं नाही, मॅडम."

पुढच्या बॅचनं तक्रारी वाचणारा प्रोग्राम केला. 'कचरा उचलला नाही' ही तक्रार त्यानं झालेल्या कामांत टाकली. त्या दुपारी मी ती यादी पहिल्यांदा वाचली.

दुरुस्त गुणपत्रिका घेऊन बिबवेवाडीला चाचांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं.

"ते ड्यूटीवर गेलेत. विश्रांतवाडीला, एका सोसायटीत वॉचमन आहेत. बसा ना, चहा टाकते."

"आणि ती कंपनीतली जागा?"

"ती केव्हाच भरली." त्यांनी गुणपत्रिका नीट वाचली, घडी घालून मला परत दिली. "अहो, हे त्यांना दाखवू नका. चूक आपलीच होती, असं म्हणून आत्ता कुठे शांत झालेत."

तिथे मी अडून बसायला हवं होतं. बसले नाही. कागद पर्समध्ये ठेवला आणि चहा होईपर्यंत आम्ही बसच्या वेळांबद्दल बोललो.