भिगवणच्या थांब्यावरचे परराष्ट्र धोरण

इंदापूरच्या एका महाविद्यालयात ‘जागतिक राजकारणात भारताची भूमिका’ या विषयावर व्याख्यान द्यायला मी स्वारगेटहून एसटीने निघालो, तेव्हा विषयापेक्षा व्याख्याताच मोठा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. निवृत्त प्राध्यापकाला आमंत्रणे क्वचितच येतात. शेजारच्या प्रवाशाने पाटसपर्यंत माझी रंगीत तालीम ऐकली आणि मग तो झोपला. निदान डोळे तरी मिटले.

भिगवणला गाडी जेवणासाठी थांबली. दूर उजनीच्या पाण्यावर एक गुलाबी रेघ दिसत होती. ते रोहित पक्षी, असे कंडक्टर म्हणाला. खाणावळीत मी चिलापीचे (उजनीत मिळणाऱ्या काटेरी माशाचे) कालवण मागवले. टीव्हीवर आखातातल्या लढाईच्या बातम्या चालू होत्या. कुणी न विचारता मी भाष्य सुरू केले.

“आपले दोन्ही बाजूंशी उत्तम संबंध आहेत. भारताचा शब्द आज कुणी खाली पडू देत नाही.”

वाढणाऱ्या बाई हातात भाकरी तशीच धरून थांबल्या. खाणावळ त्यांचीच, नाव सुमनताई.

“तुमी सरकारातलं का, सर?”

“सरकारातला नाही, पण हा माझा विषय आहे.”

“मंग माझ्या सचिनचं बघा की. तिकडं वायरमन हाय. विमानं बंद झाल्यात, परवापासनं फोनबी लागंना. दोन्हीकडं आपली वळख हाय म्हणता, तर त्येला आणाया कोण जाणार?”

माझ्या घशात काटा अडकला. हे अलंकारिक नाही, चिलापीचा काटा खरोखरच अडकला. सुमनताईंनी कोरड्या भाकरीचा घास गिळायला लावला आणि पाठीत दोन धपाटे घातले. जीव वाचवणाऱ्या बाईला ‘मी नुसती व्याख्याने देतो’ हे सांगवेना.

“दिल्लीत माझा एक विद्यार्थी आहे. बोलतो त्याच्याशी,” मी म्हणालो आणि सचिनचे पूर्ण नाव, कंपनीचे नाव घेऊन गाडीत बसलो.

विद्यार्थी दिल्लीत होता हे खरे. “सर, मी इथे शाळेत कबड्डी शिकवतो,” तो म्हणाला. पण बिचाऱ्याने सचिन होता त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा मदत क्रमांक शोधून पाठवला. इंदापूरच्या लॉजवर संध्याकाळभर मी तो फिरवत बसलो. अखेर एक थकलेला आवाज म्हणाला, “हे नाव आमच्याकडे आलेले आहे, त्याच्या सोबत्यांनीच दिले. कृपया लाइन मोकळी ठेवा.” एवढे तरी सुमनताईंना कळवावे, तर त्यांचा नंबर घ्यायला मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झाले. ‘भारताचा शब्द’ या वाक्यावर मी अडखळलो, पाणी प्यायलो. माझा कंठ दाटून आला असे समजून सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडी पुन्हा भिगवणला थांबली. मी सत्काराची शाल तोंडावर ओढून आजाऱ्यासारखा बसून राहिलो. सुमनताई थेट गाडीत चढल्या.

“सर, सुटलं पोरगं!”

त्यांनी मला हाताला धरून खाली उतरवले आणि मोबाइल पुढे केला. पडद्यावर दाढी वाढलेला सचिन, मागे सतरंज्यांवर झोपलेली माणसे. तो सीमा ओलांडून तिथल्या शेजारच्या देशात पोचला होता.

“वकिलातीनं बसगाड्या केल्या, सर. सीमेवर लय अडवलं. पर आपला एक सायब पासपोर्टांचा गठ्ठा छातीशी धरून हुबा ऱ्हायला. शेवटचा माणूस पार होईस्तोवर जाग्यावरनं हालला न्हाय.”

“मी यात काहीही केलेले नाही,” मी म्हणालो.

“मोठी मानसं आसंच म्हनत्यात,” सुमनताईंनी साऱ्या खाणावळीला जाहीर केले. दोघातिघांनी मला नमस्कार केला. मी जितके नाकारले, तितका थोर होत गेलो.

मग सचिनने विचारले, “सर, कंपनी म्हणती, महिन्याभरात काम परत चालू करू. लढाई थांबंल का? जाऊ का मी परत?”

माझ्याकडे तीन सिद्धान्त तयार होते. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून एकही बाहेर पडेना.

“मला माहीत नाही, बाळा,” मी म्हणालो. “आधी घरी ये.”

“ऐकलंस?” सुमनताईंनी मोबाइल ओढून घेतला. “सर सोता सांगत्यात. आधी घरी यायचं!”

गाडी सुटली. सीमेवर उभ्या राहिलेल्या त्या साहेबांचे नाव मला अजून माहीत नाही, आणि भिगवणमध्ये त्यांचे श्रेय माझ्या खात्यावर जमा आहे. माझे म्हणाल, तर आयुष्यभर परराष्ट्र व्यवहारावर बोललो, त्यात ताबडतोब अमलात आलेला सल्ला हा एवढाच.