शिडीवरच्या माणसाचे डोळे

त्या दिवशी सकाळी दादा दोनदा चहा प्याला आणि कुलपांच्या दुकानाचा बोर्ड रंगवायला गेला. साडेअकराला मी लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होते, तर फोन आला, लवकर या, पेंटर पडलाय. शब्द हेच होते, पडलाय. इस्त्री मी बंद केली की नाही तेही आठवत नाही, शेजारच्या बाईने केली म्हणे. जाऊन बघते तर दादा शिडीच्या पायथ्याशी आडवा, डोक्याखाली कुणीतरी पोतं सारलेलं. दवाखान्यात नेलं पण तो आधीच गेला होता. हृदय बंद पडलं म्हणाले. पण बंद पडलं म्हणून पडला की पडला म्हणून बंद पडलं, ते कुणी सांगेना. कुलूपवाला आत मशीनवर किल्ली घासत होता, त्या आवाजात त्याला काही कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा दादा खाली.

घरी आल्यावर वहिनी मला एकच वाक्य बोलली. "वन्सं, तुमच्या त्या भारीतल्या भिंगांनी नेलं त्यांना." त्यानंतर आठ दिवस माझ्याशी शब्द नाही.

आणि तिला तरी काय म्हणणार? मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्यांत बसवलेली ती भिंगं घ्यायला मीच त्याच्या मागे लागले होते.

दादाने चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. मी शाळेत फार गेले नाही, मला अक्षरं त्याच्या पाट्यांनीच शिकवली. कागदावरची ओळ तो एकदा बघायचा, शिडी चढायचा आणि परत कागद बघायचाच नाही. पण वय झालं तसा दोन भागांचा चष्मा आला. वर लांबचं, खाली जवळचं. जमिनीवर ठीक आहे हो, पण शिडी उतरताना खाली बघावं लागतं, तेव्हा नेमका जवळचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि पायरी धुरकट होते. दोनदा त्याची पायरी चुकली. एकदा तर घोटा सुजला आणि आठवडाभर खुर्चीत बसून त्याने आम्हाला सळो की पळो करून सोडलं.

म्हणून मी त्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीने एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. उजव्याने वाचला. मग उजवा झाकला, डाव्याने घडाघडा सगळा वाचला, अगदी शेवटची ओळ सुद्धा. मुलगी म्हणाली आजोबांचा डोळा तरुण आहे. मग डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारून बघितलं, तर डाव्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्यातही धरायला लागलेला. त्यांनी तक्ता बदलून आकडे लावले. दादाला एकही वाचता येईना. बाई म्हणाल्या, मघाशी कसं वाचलंत? तो म्हणाला, "उजव्याने बघितलं होतं ना, ते डोक्यात बसलं. मला वाटलं मी बघतोय. बाकी तुमच्या चौथ्या ओळीतलं तिसरं अक्षर जरा डावीकडे सरकलंय, तेवढं नीट करून घ्या." बाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. मी मात्र मनात हिशेब करायला लागले. दोन वर्षं हा माणूस निम्मं डोक्यातून रंगवत होता की काय.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं ठरलं, पण भिंग कुठलं हा घोळ. एक साधं, त्याने लांबचं दिसतं, बाकीला चष्मा. एक असं की त्याने लांबचं, मधलं, जवळचं सगळं बऱ्यापैकी दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि रंगातला बारीक फरक थोडा कमी कळतो. आणि एक मधलं, त्याने लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं चांगलं दिसतं, फक्त अगदी बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो. वहिनी म्हणाली, लोक साध्यावर भागवतात, आपल्याला कुठे विमान चालवायचंय. दादा म्हणाला साधंच घेऊ. मी म्हटलं, चष्मा लावूनच चढणार असशील तर मग उपयोग काय? डॉक्टरीणबाईंनी त्याला ब्रश धरल्यासारखा हात लांब करायला सांगितला, टेपने डोळ्यापासून ब्रशचं टोक येईल तिथपर्यंत मोजलं, आणि पायापासून डोळ्यापर्यंतही मोजलं. म्हणाल्या, तुमचं सगळं काम या दोन मापांत आहे, तुम्हाला ते मधलं जमेल, पण शंभर टक्के चष्मा सुटेल असं वचन मी देणार नाही. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून हं."

तो गेल्यावर ते वाक्य मला आठ दिवस खात होतं.

खरं तर पट्टी काढल्यावर तो खूश होता. पहिलं काय दिसलं तर पांढरा रंग. मोतीबिंदूमुळे पांढरं त्याला पिवळट दिसायचं, म्हणून तो डब्यात चिमूटभर निळा घालायचा. बाजारात दोन वर्षांच्या सगळ्या पाट्या निळसर, आणि त्याच्या भिडेपोटी कुणी बोललं नाही. मग तीन पाट्या त्याने स्वतःहून परत रंगवल्या. संध्याकाळी दिव्यांना जरा झालर दिसते म्हणायचा, महिन्या-दोन महिन्यांनी तेही म्हणायचा थांबला. सवय झाली की लपवत होता, हे मला कळत नव्हतं. तो गेल्यावर तर मला सारखं तेच दिसायचं, झालर आणि चुकलेली पायरी.

नवव्या दिवशी कुलपांच्या दुकानासमोरचा सलूनवाला घरी आला. दादा गेला त्याच दुपारी तो लेकीकडे गावाला गेला होता, आदल्या दिवशी परतला. बसला, पाणी प्यायला आणि सहज म्हणाला, पेंटर शेवटपर्यंत नीटनेटका. मी विचारलं म्हणजे काय? तो म्हणाला, मी गिऱ्हाईकाची दाढी करत होतो, आरशात समोरचा कुलूपवाल्याचा बोर्ड दिसतो. पेंटर छातीला हात लावून जरा थांबला, मग एकेक पायरी बघत खाली आला. डब्याला झाकण लावलं. ब्रश धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. खालच्या पायरीवर बसला आणि मग कलला. मी वस्तरा टाकून धावलो, मीच ते पोतं ठेवलं. "मला वाटलं तुम्हाला सगळं माहीत आहे," म्हणाला.

वहिनी उठली. कोपऱ्यातली पिशवी तिने त्या दिवसापासून उघडली नव्हती. उघडली. ब्रश फडक्यात होता, धुतलेला, केस सरळ केलेले. ती तशीच खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. दादा गेलाय ते आहेच, ते कुठे जाणार. पण छातीवरचा धोंडा उतरला.

परवा दुपारी डोळ्याच्या दवाखान्यातून त्या मुलीचा फोन आला, आजोबांची वर्षाची तपासणी आहे. मी फोन वहिनीपुढे धरला. वहिनीने फोन घेतला, ते नाहीत आता म्हणून सांगितलं. मुलगी म्हणाली, मग फाईल बंद करते. वहिनी म्हणाली, "थांब बाळ, बंद करायच्या आधी लिही. लांबचं छान दिसत होतं. हाताच्या अंतरावरचंही छान. चष्मा परत लागला नाही. औषधाच्या पाकिटावरचं बारीक तेवढं मी वाचून दाखवायचे." मुलीने ते वाचून दाखवलं बहुतेक, कारण वहिनी हं हं करत होती. मग फोन माझ्या हातात देऊन ती गॅसवरचं दूध बघायला गेली.