उजव्या बाजूची नोंद

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला गावातल्या बायकांबद्दल जे ठाऊक असतं, ते त्यांच्या सासवा-नणंदांनाही नसतं. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक. हे सगळं मी मापाच्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवत असे. आमचं दुकान देवासचं. धारला दुसरं काढलं, तेव्हा माप तिकडे आणि शिवण इकडे, असं सुरू झालं, आणि वही बसने जाऊ-येऊ लागली. एकदा ती इंदूरला बसमध्येच राहिली. मिळेपर्यंत दोन दिवस मी बसस्टँडवर हेलपाटे घातले, कारण तिच्यात धारच्या एका मास्तरीणबाईंचं पान होतं. ‘उजवीकडे ऑपरेशन, आतून पॅड.’ घरी त्यांनी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. खरं काय ते त्यांच्या नवऱ्याला ठाऊक आणि मला.

वही सापडली, पण आता मापं कॉम्प्युटरवर घ्यायची असं मी ठरवलं.

आधी इंदूरचा एक विक्रेता आला. त्याच्याकडे शिवणकामाच्या दुकानांसाठी तयार सॉफ्टवेअर होतं. ‘भाभीजी, सारा डेटा क्लाउड में सेफ रहता है.’

‘क्लाउड में मतलब किसके घर में?’ मी विचारलं. तो नुसताच हसला. प्रश्नाला हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये छाती, कंबर, खांदा, बाही एवढेच रकाने. माझ्या पेन्सिलीच्या ओळीला जागाच नाही. चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि त्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मला ते खोटंच वाटलं.

मग भाचा आला. बहिणीचा मुलगा, इंदूरला कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. ‘मावशी, रेडीमेड कशाला घेते? तुझ्या हिशोबाने वेगळं बनवून देतो ना. घर की बात घर में.’ हे मला पटलं. नमुन्यासाठी त्याने दहा पानं मागितली, मी अख्खी वहीच पुढे सरकवली. त्याने मोबाइलवर फोटो काढले. परक्याचं कार्ड तपासणाऱ्या मला, हे फोटो कुठे राहणार, हे विचारायचं सुचलं नाही.

सॉफ्टवेअर दाखवायला तो एका रविवारी धारच्या दुकानात आला. साडीला फॉल लावायला आलेल्या दोघी-तिघी कौतुकाने बघायला थांबल्या. ‘नाव टाका, सगळं समोर,’ असं म्हणत त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला आणि नमुन्यातलं पहिलं नाव टाकलं. ते मास्तरीणबाईंचं होतं. खाली माझी पेन्सिलीची ओळ, चांगली ठळक अक्षरांत. बघणाऱ्यांत त्यांची नणंद होती. तिने शेवटपर्यंत वाचलं, ‘अच्छा’ म्हणाली आणि फॉल न लावताच साडी उचलून गेली.

भाच्याला मी फैलावर घेतलं. तो हळूच म्हणाला, ‘मावशी, पानं तर तूच दिली होतीस.’ कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मी होते. रात्रंदिवस जगावर संशय घेतला, स्वतःवर घ्यायचा तेवढा राहिला. मास्तरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘आता घरात माझ्याशी बोलताना कुणी डोळ्यांकडे बघत नाही, ताई,’ एवढंच म्हणाल्या.

भाच्याचं सॉफ्टवेअर मी त्याच्यासमोर बसून पुसायला लावलं, फोटोही. वही चुलीत घातली. विक्रेत्याला पुन्हा बोलावलं; तो पुन्हा हसला. ते त्याचे चार रकानेच आता मला हवे होते.

तीन महिन्यांनी धारहून एक कापड आलं, सोबत मास्तरीणबाईंची चिठ्ठी. इतकी वर्षं त्या स्वतः माप द्यायला यायच्या. चिठ्ठीत सुबक अक्षरात मापं होती आणि खाली, रेघ मारून, ‘डावी-उजवी सारखीच.’

मी ती मापं जशीच्या तशी रकान्यांत भरली. मग दुकानाचं दार लोटलं आणि उजव्या बाजूला आतून पॅड शिवलं, दर वेळी शिवते तसं.

ब्लाउज दुरुस्तीला परत आला नाही.